एरंडेलची जागा

प्लास्टर कापून डॉक्टरांनी बाजूला केलं तेव्हा आतून निघालेला पाय तिला स्वतःचा वाटेचना. पांढराफटक, सुरकुतलेला, पोटरी पार वाळून गेलेली. कुणी परकी म्हातारी आपल्या अंगाला चिकटून झोपली होती आणि आता पांघरूण ओढल्यावर दिसली, असं काहीतरी तिला वाटलं आणि ती ओशाळली. "उठा आजी, चाला बघू," डॉक्टर म्हणाले. मुलाने एक दंड धरला, मुलीने दुसरा. ती दाराशी गेली, तिथून वळली आणि वळताना तिच्या लक्षात आलं की दोन्ही दंड केव्हाचे मोकळे आहेत. "झालं की! आता कुणाला धरायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मुलगा हसला, मुलगी हसली, तीही हसली. मग सगळे गाडीत बसले. मुलगा चालवायला, ती त्याच्या शेजारी, मुलगी मागे. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला गाडी थांबली तेव्हा तिला ते जाणवलं. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. ती न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून या गाडीत शांतता म्हणून नव्हती. गोळ्या दिल्यास का, नर्स वेळेवर आली का, तू काल का नाही आलास, अरे मी परवा दिवसभर होते, बरं उद्या मी येतो, हाडाचा फोटो कुठे ठेवलास. तिच्या डोक्यावरून या दोघांचं बोलणं सारखं चालू असायचं. त्याआधी कित्येक वर्षं ही भावंडं एकमेकांना फोनसुद्धा करत नव्हती. वडिलांच्या आजारपणात त्यांच्यात काय बिनसलं ते दोघांनीही तिला धड सांगितलं नव्हतं, तिनेही खोदून विचारलं नव्हतं. तिचा पाय मोडला आणि दोघं पुन्हा एका खोलीत बसायला लागली. आता पाय बरा झाला होता. मुलगा काचेतून समोर बघत होता, मुलगी बाजूच्या काचेतून बाहेर. ही शांतता आपल्या ओळखीची आहे, असं तिला वाटलं. हिचा वाससुद्धा आपल्याला माहीत आहे. डोळ्यांना झोंबणारा, नाकात बसणारा.

अमोनियाचा वास. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सगळ्यात वरच्या मजल्यावर नकाशांची खोली होती आणि तिला लागून एका खोपटात नकाशे छापायचं यंत्र होतं. त्यातून गरम, ओलसर, निळे कागद बाहेर पडायचे आणि त्यांच्याबरोबर तो वास. नव्या माणसाचे डोळे पहिले काही दिवस घळाघळा वाहायचे. ती नोकरीला लागली त्या दिवशी तिला तसं रडताना बघून आक्का म्हणाली होती, "रडून घे बाई. नंतर इथे रडायला मिळत नाही." आक्का खोलीतली सगळ्यात जुनी ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारी, लग्न न केलेली, भरल्या अंगाची, सगळ्यांच्या घरची दुखणी-खुपणी तोंडपाठ असलेली. पलीकडच्या ड्रॉइंगच्या फळ्यावर नाटक्या. तो हौशी नाटकात काम करायचा म्हणून नाटक्या. शिपायापासून बड्या इंजिनियरपर्यंत कुणाचीही नक्कल जागच्या जागी करून दाखवायचा. खिडकीपाशी साहेब, खोलीचे मुख्य, लोण्यासारखे मऊ. कुणालाही 'नाही' म्हणायचं झालं की त्यांचे कान लाल व्हायचे. आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एरंडेल.

एरंडेल म्हणजे तपासनीस. नाव नाटक्याने ठेवलेलं, आणि चेहरा बघितल्यावर त्या माणसाचं दुसरं कुठलं नाव असू शकेल असं कुणाला वाटायचं नाही. उंच, काटकुळा, सकाळीच कुणीतरी नाक दाबून चमचाभर पाजल्यासारखा. प्रत्येक नकाशा त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय छपाईला जायचा नाही. तो भिंग लावून, लाल पेन्सिल घेऊन बसायचा आणि थोड्या वेळाने घसा खाकरायचा. त्या खाकरण्यासरशी खोलीतली सगळी पेनं थांबायची. "ही पाइपलाइन कुणाची?" ती तिची असायची. "बाई, टेकडी इकडून चढते. पाणी इकडून जातं. म्हणजे पाणी चढ चढतंय. तुमच्या घरी चढतं का?" ती खाली मान घालून ब्लेड घ्यायची आणि ट्रेसिंगच्या कापडावरची शाई हलक्या हाताने खरवडत बसायची, कापड फाटलं तर सगळं पहिल्यापासून. एरंडेल पाणी प्यायला बाहेर गेला की नाटक्या स्टुलावर ताठ बसायचा, गाल आत ओढायचा आणि म्हणायचा, "बाई, तुमच्या घरी सूर्य कुठे उगवतो? खिशात?" आक्का तोंडाला पदर लावून हसायची, हसता हसता तिच्याकडे लिंबाची गोळी सरकवायची. साहेब येऊन हळूच म्हणायचे, "मनावर घेऊ नका हं. तो तसाच आहे." आणि तिला वाटायचं, ही तीन माणसं किती चांगली आहेत. किती आपली आहेत. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं, आणि एवढा एक एरंडेल इथे नसता तर ही खोली म्हणजे माहेरच की.

त्या खोलीत एकाने कूस बदलली की पाचही जणांचं पांघरूण सरकायचं. आक्काला सर्दी झाली तर नाटक्याचे विनोद पडायचे, कारण हसण्याची सुरुवात आक्का करायची. नाटक्या रजेवर गेला की साहेब उगाच फाइली उलटसुलट करत बसायचे. साहेबांना वरून बोलणी बसली की ते काहीच बोलायचे नाहीत, फक्त चष्मा पुसायचे, आणि चष्म्याचा फडका दिसला की आक्का चहा मागवायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तिला ते सगळं तेव्हा कळत होतं असंही नाही. ती फक्त त्यात होती, न्हाऊन निघाल्यासारखी. दुपारी उन्हाची तिरीप फळ्यांवर यायची, शाईच्या बाटल्यांतून जांभळी होऊन पलीकडे पडायची, आणि पाच माणसं पाच फळ्यांवर वाकून एकाच गावाचे तुकडे काढत, तपासत असायची. तुकड्यांच्या कडा जुळायला लागायच्या. तिची गल्ली नाटक्याच्या गल्लीला जाऊन मिळायची. आजही झोप येत नसली की तिला ती जागा आठवते, जिथे तिच्या हातची रेघ संपून त्याच्या हातची सुरू व्हायची. त्याची रेघ किंचित जाड असायची आणि एरंडेल दोन्ही रेघांच्या सांध्यावर भिंग धरून बसायचा.

मग एरंडेलची बदली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सांडपाण्याच्या कचेरीत. निरोप देताना साहेब चार गोड शब्द बोलले, एरंडेलने घसा खाकरला, सगळ्यांना वाटलं आता काहीतरी काढतो, पण तो नुसताच "बरं" म्हणाला आणि भिंग खिशात घालून गेला. दार बंद झाल्यावर नाटक्या स्टुलावर चढून नाचला. एरंडेलच्या जागी आलेला तपासनीस सज्जन, घाबरट, सगळ्या नकाशांना "उत्तम, उत्तम" म्हणणारा. माहेर आलं होतं. आणि माहेरात, दोन-तीन आठवड्यांतच, अशी एक शांतता पडायला लागली की शाईच्या पेनाचा खरखर आवाज ऐकू यावा. नाटक्याला नक्कल करायला कुणी उरलं नव्हतं. नव्या तपासनिसाची नक्कल काय करणार, त्याला चेहराच नव्हता. नाटक्याने मग आक्काची करायला घेतली. आधी तिची चाल, मग तिचा पदर, मग एक दिवस, सगळे हसतायत असं बघून, आरशासमोर नटणारी आणि कुणी बघायला न आलेली आक्का. खोली हसली. आक्काही हसली, पण तिचं हसणं मध्येच तुटलं आणि तिने खाली वाकून घातलेलीच चप्पल पुन्हा पायात घातली. त्यानंतर ती नाटक्याशी बोलली नाही. चहाही मागवेना. चुका झालेले नकाशे वरून परत यायला लागले, आणि साहेबांना, ज्यांना क्वचितच कुणाला 'नाही' म्हणावं लागलं होतं, ते रोज म्हणावं लागायला लागलं. त्यांचा आवाज चिरका होता हे सगळ्यांना तेव्हा कळलं. एकदा त्यांनी तिच्या फळ्यावर नकाशा आपटला. तो आवाज अजून तिच्या कानात आहे. कागदाचा एवढा मोठा आवाज होतो हे तिला माहीत नव्हतं. घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "माणसं अशी कशी हो बदलतात?" नवरा भाबडेपणाने म्हणाला, "कंटाळली असतील." तेव्हा त्यांचं नवीनच लग्न झालं होतं.

"उतर, आलं घर," मुलगा म्हणाला. ती उतरली. कुणी हात दिला नाही आणि ते बरोबरच होतं. जिना चढताना मुलगी दोन पायऱ्या मागे, मुलगा चार पायऱ्या पुढे. वर आल्यावर मुलाने खिडक्या उघडल्या, मुलीने कोपऱ्यातला वॉकर घडी करून भिंतीला टेकवला. "हा परत द्यायचा ना?" "दे." "मी देऊ?" "कुणीही दे." एवढंच. मग मुलगा म्हणाला, "आता रोज यायला नको, नाही का?" तो आईला म्हणाला, पण मुलीने ते आपल्याकडे घेतलं. "तू कुठे रोज येत होतास?" मुलाने घड्याळाकडे बघितलं. तिने खुर्चीत बसून पाय लांब केला. आत हाडात कुठेतरी अगदी बारीक ठणकत होतं, खरोखरच ठणकत होतं, आणि एक "आई गं" ओठांशी येऊन थांबलं. तेवढं म्हटलं असतं तर दोघंही धावली असती. शेक देऊ का, गोळी घेतलीस का, मी आज थांबते, अगं मी थांबतो. तिला त्या शब्दाची चव जिभेवर लागली आणि ती गोड होती. तिने तो गिळला. हे काम तिने एकदा केलं होतं आणि त्याचं काय होतं ते तिला ठाऊक होतं.

त्या खोलीत, त्या शांततेत, एके दुपारी ती नाटक्याच्या नकाशाला आपला नकाशा जुळवत होती. त्याची पाइपलाइन चक्क टेकडीवर चढत होती. ती काही बोलणार नव्हती. पण घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि तो तिचा होता. "हे पाणी चढ चढतंय," ती म्हणाली. "तुमच्या घरी चढतं का?" नाटक्याने मान वर केली. आक्काने केली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. आणि तिला त्या तीन चेहऱ्यांवर जे दिसलं त्याला राग म्हणता येणार नव्हतं. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसे ते चेहरे झाले होते. संध्याकाळी ती छपाईच्या खोपटाशी गेली तर आतून नाटक्याचा आवाज आला, तिच्या आवाजात बोलणारा. आणि पाठोपाठ आक्काचं हसणं. इतक्या महिन्यांनी, अगदी पोटातून. "धाकटी एरंडेल!" आक्का म्हणत होती, "अगदी तीच रे, तीच!" ती दाराबाहेर उभी राहिली. अमोनियामुळे म्हणा, डोळे वाहायला लागले. पण तिथून हलावंसं वाटेना. आत दोन माणसं पुन्हा बोलत होती. दुसऱ्या दिवशी चहा आला. त्या आठवड्यात साहेबांनी हळूच येऊन नाटक्याला सांगितलं, "मनावर घेऊ नका हं. ती तशीच आहे." तिने ते ऐकलं, आणि नव्या तपासनिसाकडून लाल पेन्सिल मागून घेतली.

तिला त्या दिवसांत एरंडेलला भेटावंसं फार वाटायला लागलं. कशासाठी ते सांगता आलं नसतं. एका शनिवारी सुटल्यावर ती बस बदलत बदलत त्या दुसऱ्या कचेरीत गेली. तिथे जिन्यातच हसण्याचा गदारोळ ऐकू आला. दारातून बघते तर मधोमध एरंडेल उभा, गळ्यात मोजायची टेप अडकवलेली, पोट पुढे काढून कुठल्याशा जाड्या माणसाची नक्कल करतोय आणि पाच-सहा जण टेबलांवर हात आपटत हसतायत. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक बाई एकटीच काम करत होती. एरंडेलचं दाराकडे लक्ष गेलं आणि तो हसतच बाहेर आला. त्याला हसताना दात केवढे मोठे दिसत होते.

"अरे, तुम्ही! या, या. चहा घेणार ना?"

"तुम्ही नक्कल करता?" तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"पूर्वी करायचो. शाळेत असताना. मग तुमच्याकडे आलो, तिथे आधीच एक नकलाकार होता." तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "आणि इथे आलो तर चुका काढणारी ती एक आधीच होती." त्याने मानेनेच आतल्या कोपऱ्याकडे दाखवलं. "जागा रिकामी नव्हती बाई, मी काय करणार?" तो पुन्हा हसला, मग थांबला आणि तिच्या बोटांना लागलेल्या लाल पेन्सिलीच्या डागाकडे बघत राहिला. "तिकडे आता कोण?"

"मी," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं. "बरं चाललंय ना खोलीचं?" त्याने विचारलं.

"हो. आता बरं चाललंय."

"चालणारच." मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला, "एक सांगू? कचेरीतून निघताना तो आवाज तिथेच ठेवून जात जा. मी घरी न्यायचो. घरची माणसंसुद्धा मग त्याच्याभोवती बसायला शिकतात."

तिने मान हलवली होती. ऐकलं होतं, समजलंही होतं. पण आवाज काही पेनासारखा खणात ठेवून कुलूप घालता येत नाही. घरी मुलं झाली. नवरा साहेबांसारखाच, कान लाल होणारा. अभ्यास, वेळा, शिस्त, 'नाही' म्हणणं तिच्या वाट्याला आलं आणि तिने ते चोख केलं. मुलं बापाच्या कुशीत शिरून तिच्याविषयी खुसुखुसु हसायची, भाऊ बहिणीला तिच्यापासून लपवायचा, बहीण भावाचे पराक्रम झाकायची. स्वयंपाकघरातून तिला ते हसणं ऐकू यायचं आणि भाजी परतता परतता ती मनात म्हणायची, बरं चाललंय. घर तिच्याभोवती एकजूट होतं. पुढे ती म्हातारी होत गेली, तिचा धाक उरला नाही, नवरा गेला, आणि मुलं सुटी सुटी झाली. मग पाय मोडला. आणि आपण पडल्याचा आपल्याला मनातून कुठेतरी आनंद झाला होता, हे तिला आता खुर्चीत बसल्या बसल्या इतकं लख्ख कळलं की तिने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. ही दोघं एकमेकांशी कधी बोललीच नव्हती. लहानपणापासून आत्तापर्यंत जे काही बोलली ते तिच्यावरून बोलली होती, तिच्या वरून, तिच्या आडून, कधी हसत, कधी गोळ्यांचं वेळापत्रक ठरवत.

"आई, तू काहीच बोलत नाहीयेस," मुलगी म्हणाली. "दुखतंय का?"

मुलगाही वळला. दोघांचे डोळे तिच्यावर, आणि त्या डोळ्यांत आशा.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात दुखत नाहीये. मी जरा खाली पाय मोकळे करून येते. तुम्ही बसा."

"एकटी?" दोघंही एकदम म्हणाली.

"डॉक्टरांनी काय सांगितलं?" तिने चपला घातल्या आणि मागे दार ओढून घेतलं. पहिला जिना उतरेपर्यंत वर काहीच आवाज नव्हता. ती वळणावर थांबली. आता मुलगा निघेल, तिला वाटलं. किल्ल्या वाजतील, संपलं. मग मुलीचा आवाज आला, चढलेला. "बाबा तुझं नाव घेत होते त्या रात्री, माहितीये तुला? मी काय सांगत होते त्यांना? येतोय, येतोय, वाटेत आहे!" मुलाचं काहीतरी अस्पष्ट. मग त्याचाही आवाज चढला. "मी दाराबाहेरच होतो! हॉस्पिटलच्या त्या बाकावर. मला आत यायचा धीर झाला नाही, कळलं? नाही झाला!" कुणीतरी खुर्ची सरकवली. तिने कठडा घट्ट धरला. आता पाय खरंच कळ मारत होता, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. हे तिला माहीत नव्हतं. यातलं काहीच माहीत नव्हतं. आत्ता ती खाली बसली असती, नुसती बसली असती आणि हाक मारली असती, तर ती दोघं धावत जिना उतरली असती, हे सगळं तिथेच अर्धवट टाकून. मुलगी रडत होती. मुलीचं रडणं ऐकून वर जायचं नाही, हे इतकं अवघड असतं याची तिला कल्पना नव्हती. तिने एक पाय खालच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा. दर पायरीला वरचे आवाज मंद होत गेले, शब्द गेले, नुसते सूर उरले, आणि तळमजल्यावर पोचल्यावर तेही गेले.

खाली शिंप्याच्या दुकानापुढे बाक होता. ती तिथे बसून राहिली. शिंपी आतून म्हणाला, "काय आजी, मोकळ्या झालात?" "झाले बाबा," ती म्हणाली. माणसं जात होती, येत होती. साहेब, आक्का, नाटक्या, यांतलं आता कुणीच राहिलेलं नाही. एरंडेलचं काय झालं ते तिला कधी कळलं नाही. तिला त्या सगळ्यांची अशी आठवण आली की शेजारी बाकावर हात टेकवून ती नुसती बघत राहिली. ती पाचही माणसं एकमेकांशी थेट बोलली असती तर काय बोलली असती, कोण जाणे. कदाचित ती खोली उभीच राहिली नसती. ऊन भिंतीवरून वर सरकलं. शिंप्याने दिवा लावला.

मग जिन्यात पावलं वाजली. मुलगी पुढे, डोळे सुजलेले, नाक लाल. मागे मुलगा, त्याच्या शर्टाची एक बाही भिजलेली. "इथे बसलीयेस होय?" मुलगी म्हणाली. "किती वेळ झाला. आम्हाला लक्षातच आलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

"मी हिला सोडून येतो," मुलगा म्हणाला. "गाडी राहू दे, चालतच जातो. तू जाशील ना वर? की आधी..."

"जाईन. जा तुम्ही."

दोघं निघाली. मुलीने चालता चालता काहीतरी विचारलं, मुलाने मान हलवली, मग तो हातवारे करून काही सांगायला लागला. तो हात असे हलवतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती बाकावरून उठून उभी राहिली आणि कोपऱ्यावर ती दोघं वळून बघतील म्हणून तिने हात वर करून ठेवला. पण दोघंही बोलण्यात होती. कोपऱ्यापलीकडे दोघं दिसेनाशी झाली, तरी ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिने हात खाली घेतला, आणि कठडा धरून जिना चढायला लागली.